कातरणीच्या फोटोतली मेंढरं

श्रीदेवी सिद्धराम फ्रेंच शिकली ती एका माणसाला भर वर्गात उघडं पाडण्यासाठी. हे ती लपवत नाही. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत फ्रेंच का निवडलं असं विचारलं, तेव्हा तिने तिथला इतिहास, तिथली चित्रकला असं काहीबाही सांगितलं होतं. ते खोटं होतं, असंही ती सांगून टाकते.

ती चोवीस वर्षांची आहे. गाव बसवकल्याण तालुक्यातलं मुडबी, घर धनगराचं. सध्या कलबुर्गीत एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती वर्ग घेते. परदेशी विद्यापीठात इतिहास, समाजशास्त्र, कलेचा इतिहास असे विषय फ्रेंचमधून करायला जाणारी पोरं तिच्याकडे येतात. यंदा अकरा आहेत. त्यांना ती पहिल्याच दिवशी सांगते, की तिथे कुणी भाषेवर खूष होऊन मार्क देत नाही, मुद्दा कसा रचलाय ते बघतात. तिने हे स्वतः अनुभवलं आहे.

ज्या माणसासाठी ती हे सगळं शिकली त्यांचं नाव डॉ. शिवप्रसाद. जनवाड्याजवळच्या एका बऱ्या शेतकरी घरातले, आता कलबुर्गीत एका कॉलेजात प्राध्यापक. २००१ साली ते संशोधन करणारे विद्यार्थी होते आणि श्रीदेवीचे आजोबा लिंगाप्पा यांच्या कळपाबरोबर दोन हंगाम फिरले. लिंगाप्पाच्या पालाशेजारी त्यांचं अंथरूण असे. लिंगाप्पाची बायको बाणूबाई त्यांना भाकरी थापून देई. कळप शेतात कसा बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी ज्वारी किती देतो, कोणत्या पाल्याने मेंढरू फुगतं, हे सगळं लिंगाप्पाने त्यांना सांगितलं. त्यातून प्रबंध झाला, प्रबंधाचं इंग्रजी पुस्तक झालं, पुस्तकाचा कन्नड आणि फ्रेंच अनुवाद झाला.

पुस्तकातलं चौथं प्रकरण लिंगाप्पावर आहे. त्याचं नाव ‘रात्रीचं पीक’. त्यातला हिशेब असा: लिंगाप्पाकडे मेंढ्या बासष्ट, खाणारी माणसं अकरा. बासष्ट मेंढ्यांची लोकर, कोकरांची विक्री आणि खताबद्दल मिळणारं धान्य धरलं तरी वर्षाला नऊ क्विंटल ज्वारी कमी पडते. माणसं तर उपाशी नाहीत. मग ही नऊ क्विंटल येते कुठून? लेखकाचं उत्तर होतं, उभ्या पिकातून, रात्री. प्रकरणात लिंगाप्पाचं नाव आहे, गाव आहे आणि फोटो आहे.

२००८ साली पुस्तकाला पुरस्कार मिळाला, तेव्हा एका कन्नड दैनिकाने रविवारी या प्रकरणाचा सारांश छापला. फोटोसकट. बिदर जिल्ह्यात मराठी बोलणारी बरीच माणसंही वाचायला कन्नडच शिकलेली असतात. आठवड्यात तो कागद जनवाड्याच्या चहाच्या टपरीवर चिकटवलेला होता. तिथले गुंडेराव यांच्या शेतात लिंगाप्पाचा कळप वीस वर्षं बसत आला होता. त्यांनी निरोप धाडला, की यंदा मेंढरं आणू नका. मग बाकीच्यांनीही तेच कळवलं. बसायला रान नाही म्हटल्यावर कळप किती दिवस राखणार? पुढच्या वर्षी तो चाळीस-चाळीस करून विकला. लिंगाप्पा मन्नाएखेळ्ळीला हायवेवरच्या एका धाब्यावर राखणदार लागला आणि काही वर्षं घरच्यांचं बिऱ्हाडही तिथेच हललं.

तिथल्या ट्रक ड्रायव्हरांना ही गोष्ट पुरली.

“लिंगाप्पा, झोपायलोय मी. स्टेपनी मोजून ठेवलीय बरं का.”

“ज्वारी न्हाई रे बाबा ह्याच्यात, सिमेंट हाय. निजू दे त्याला.”

आठ वर्षांची श्रीदेवी शाळा सुटल्यावर आजोबांना डबा द्यायला जाई. हे तिने रोज ऐकलं. लिंगाप्पा उत्तर देत नसे. ती डबा ठेवून निघून येई आणि वाटेत त्या ड्रायव्हरांच्या नव्हे, शिवप्रसादांच्या नावाने दगड मारत येई. बाभळीचं एक झाड ठरलेलं होतं.

अकरावीत असताना तिने कॉलेजच्या फलकावर एक कात्रण पाहिलं. डॉ. शिवप्रसाद दरवर्षी मार्चमध्ये दोन आठवडे फ्रान्सच्या एका विद्यापीठात शिकवायला जातात, असं त्यात होतं. तिथे परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मानव्यविद्यांचे वर्षभराचे वर्ग असतात, सगळे फ्रेंचमधून, आणि त्यात त्यांचं पुस्तक लावलेलं आहे. त्या वर्गात बसायचं तर फ्रेंच यावी लागते, एवढंच तिने त्यातून घेतलं. हैदराबादला बी.ए.ला फ्रेंचची जागा होती. वडील सिद्धराम टेम्पो चालवतात. त्यांनी विचारलं, “पोरी, ह्याच्यात नोकरी कंची?” ती म्हणाली, “हाय एक काम.”

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिने फ्रेंच अनुवादाची प्रत घरी आणली आणि चौथं प्रकरण बाणूबाईला मराठीत करून सांगायला बसली. घरातल्या कुणीच ते सबंध ऐकलेलं नव्हतं. वर्तमानपत्रातला सारांश तेवढा माहीत होता, आणि त्यात आकडे नव्हते. बाणूबाई लसूण सोलत होती. श्रीदेवी बासष्टवर आली तशी तिचा हात थांबला.

“किती म्हनलीस?”

“बासष्ट मेंढ्या.”

“बासष्ट तर त्या साली व्यालेल्या होत्या. बाकीच्या कुठं गेल्या?”

“बाकीच्या न्हाईतच ह्यात.”

“न्हाईत म्हंजे? कुत्र्यानं खाल्ल्या?”

मग उलगडा झाला. लिंगाप्पाच्या घरात कळपाचा पुरा आकडा परक्याला सांगत नाहीत. सांगितला तर दृष्ट लागते, जनावर उतरणीला लागतं, अशी समजूत. कुणी विचारलंच तर यंदा व्यालेल्या तेवढ्या सांगायच्या. भाकड, तरण्या, मेंढे, कोकरं, यांचा उच्चार करायचा नाही. शेतकऱ्यांना ही रीत ठाऊक असते. ते खताचा अंदाज डोळ्यांनी करतात, विचारत बसत नाहीत. शिवप्रसादांनी विचारलं होतं. लिंगाप्पाने रीतीप्रमाणे उत्तर दिलं होतं. म्हणजे ज्या आकड्यावर तो चोर ठरला तो आकडा त्याच्याच तोंडून गेला होता.

“अप्पाला ठाव हाय का हे?” श्रीदेवीने आजोबांबद्दल विचारलं.

“कामून सांगू त्याला? आधीच बोलंना झालाय.” बाणूबाईने लसणाची सालं सुपात झटकली. “पन त्या लिवनाऱ्या पोराला ठाव होतं की. कातरनीला तोच उभा होता. आडव्या पडलेल्या मेंढीचे पाय त्यानंच धरले. तिन्ही दिवस. बासष्ट मेंढ्या कातरायला तीन दिवस लागतेत व्हय?”

हा प्रश्न श्रीदेवीला पुढची दोन वर्षं पुरला. सुट्टीत ती कलबुर्गीच्या ग्रंथालयात गेली आणि शिवप्रसादांचा मूळ प्रबंध काढून बसली. पान एकशे अठरावर तळटीप सापडली. मेंढपाळ कळपाची संख्या सांगताना ती लपवतात, प्रत्यक्षातली संख्या सांगितलेल्या आकड्याच्या कितीतरी पट असावी, असं त्यात लिहिलेलं होतं. प्रबंधात ‘रात्रीचं पीक’ हे प्रकरण नाही. पुस्तकात ते आहे, पण तळटीप नाही. टीप ठेवली असती तर प्रकरण उभंच राहिलं नसतं. तिने त्या पानाचे सहा फोटो काढले.

२०२४च्या सप्टेंबरमध्ये ती फ्रान्सला पोचली. वर्गात कोरियाच्या चार मुली, ब्राझीलचे दोघे, फिनलंडचा एक, काही अमेरिकन आणि ती. इतिहास, भूगोल, कलेचा इतिहास, मानवशास्त्र, सगळं फ्रेंचमधून. प्रत्येक विषयाच्या शेवटी एकेकाने उभं राहून वीस मिनिटं विषय मांडायचा, याला ते एक्सपोझे म्हणतात. त्यात मांडणीचे भाग आधी सांगावे लागतात आणि मग त्याच वाटेने जावं लागतं. बाकीच्यांना हा जाच वाटे. तिला तो आवडला. मानवशास्त्राच्या बाईंकडे तिने ऑक्टोबरमध्येच मार्चची तारीख मागून घेतली. विषय दिला: चौथं प्रकरण, पुरावे आणि निष्कर्ष. बाई म्हणाल्या, लेखक समोर असतील, घाबरणार नाहीस ना? ती म्हणाली, म्हणूनच ती तारीख.

मार्चमध्ये शिवप्रसाद आले. पहिल्या दिवशी हजेरीत तिचं नाव पाहून ते थांबले. कर्नाटकातल्या कितीतरी पासपोर्टांवर आडनावाच्या जागी बापाचं नाव असतं, तसं तिच्याही होतं. ‘श्रीदेवी सिद्धराम’ यावरून त्यांना काहीच कळलं नाही.

“कुठली गं तू?” वर्गाबाहेर त्यांनी मराठीत विचारलं.

“बिदरकडची, सर.”

“अरे वा! आपल्याकडचीच की. इथवर आपलं पोर आलेलं बघून फार बरं वाटलं. फ्रेंच छान आहे हं तुझी. माझ्यावरच बोलणार आहेस म्हणे?”

“व्हय सर. तुमच्या फोटोवर.”

“वा, वा. मोकळेपणाने बोल. टीकाही कर.”

गुरुवारी दुपारी दोन वाजता तिने एक्सपोझे सुरू केलं. भाग तीन सांगितले: लेखक काय म्हणतात, लेखकाने काय पाहिलं, लेखकाने काय वगळलं. पहिल्या भागात तिने त्यांचा हिशेब त्यांच्याहून सोपा करून फळ्यावर मांडला. शिवप्रसाद मान डोलवत होते. दुसऱ्या भागात तिने पडद्यावर एक फोटो लावला. तो त्यांच्याच पुस्तकात आहे, त्यांनीच काढलेला. टेकाडावरून घेतलेला, कातरणीच्या पहिल्या दिवशी सकाळचा. खाली त्यांचीच ओळ आहे: लिंगाप्पाचा सबंध कळप.

“सर,” ती फ्रेंचमध्ये म्हणाली, “आपण मोजाल का?”

त्यांना वाटलं, पोरीने वर्ग रंगवायला काहीतरी योजलंय. ते हसत उठले, पडद्याजवळ गेले आणि पेनाच्या टोकाने डावीकडून मोजू लागले. फ्रेंचमध्ये, मोठ्याने. तीसच्या पुढे हसू गेलं. पन्नाशीला आवाज उतरला. बासष्टला पेन फोटोच्या निम्म्यावरसुद्धा आलं नव्हतं. ते थांबले.

“सर, उजवी बाजू राहिलीय.”

त्यांनी पेन खिशाला लावलं. ब्राझीलच्या मुलाला काय चाललंय ते अर्धंच कळलं होतं. त्याने जागेवरूनच पुढे मोजायला सुरुवात केली, आणि कोरियाच्या मुली त्याच्यात मिळाल्या. एकशे त्रेचाळीसवर वर्ग थांबला. टेकाडामागची जनावरं फोटोत नव्हती. त्यांच्याविषयी श्रीदेवी काही बोलली नाही.

शिवप्रसाद म्हणाले, त्या वेळी मला दिलेला आकडा मी नोंदवला, संशोधकाला ऐकलेलं लिहावं लागतं. हा बचाव वाईट नव्हता. मानवशास्त्राच्या बाईंनी मान हलवलीही. मग श्रीदेवीने तिसरा भाग काढला आणि तळटीप पडद्यावर लावली. मूळ मजकूर, शेजारी तिचं फ्रेंच भाषांतर, खाली पान क्रमांक. प्रबंधाचं वर्ष आणि पुस्तकाचं वर्ष तिने एकाखाली एक लिहिलं. बाईंनी चष्मा काढून पुन्हा लावला.

शिवप्रसाद तिच्याजवळ आले आणि हळूच मराठीत म्हणाले, “हे बघ, आपण बाहेर बोलू. आपल्या लोकांचं इथे कशाला?”

ती वर्गाकडे वळली आणि फ्रेंचमध्ये म्हणाली, “सर म्हणतात, हे आपण बाहेर बोलू. आपल्या लोकांचं इथे कशाला.”

त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते तिला नीट आठवतं, आणि ती ते सावकाश, मजेत सांगते.

“लिंगाप्पा तुझे कोण?” जाताना त्यांनी विचारलं.

“आजोबा. तुमचं अंथरूण त्यांच्या पालाशेजारी असायचं.”

विद्यापीठाच्या विभागाने त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला आणि दोघांचंही म्हणणं आल्यावर पुस्तकाचं काय करायचं ते ठरवू, असं कळवलं. श्रीदेवीनेही सगळे पुरावे लावून लेखी निवेदन द्यावं, असं ठरलं. जूनमध्ये ती गावी परतली. आठवड्यात शिवप्रसादांचा सिद्धरामला फोन आला. पोरीला समजवा, मी घरी येतो, शाल-नारळ घेऊन येतो, असं ते म्हणत होते. सिद्धरामने फोन तिच्याकडे दिला.

“घरी नको,” ती म्हणाली. “जनवाड्याला या. गुंडेरावांच्या अंगणात. चार माणसं बोलवा. जे लिहिलं ते खोटं होतं एवढं सांगा. कन्नडमधी पन, मराठीमधी पन.”

“आणि मग ते निवेदन…”

“आधी या तर सर.”

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी ते आले. गुंडेरावांच्या अंगणात तीस-पस्तीस माणसं होती. लिंगाप्पा आला नाही. बाणूबाई मात्र नवं लुगडं नेसून पुढे बसली होती. शिवप्रसाद दोन्ही भाषांत बोलले, आकड्यांमधील त्रुटी, उपलब्ध माहितीच्या मर्यादा, असं. बाणूबाईने मधेच तोडलं.

“साहेब, तुमच्या त्या त्रुटीला भाकर खाऊ घातलीय मी दोन वर्सं. चोर होता का न्हवता, तेवढं बोला.”

अंगणात कुणीतरी हसलं. शिवप्रसाद म्हणाले, “नव्हता.”

“कन्नडमधी?”

ते कन्नडमध्येही म्हणाले. गुंडेराव खाली बघत होते. त्यांनी चहा आणायला सांगितलं आणि म्हणाले, “झालं ते झालं, बाणूबाई. आम्हाला तर कधी तसं वाटलंच न्हवतं.”

“मग निरोप कामून धाडलास रे गुंड्या? कागूद वाचून?”

गुंडेराव सत्तरीचे आहेत. त्यांना गुंड्या म्हणणारं गावात आता कुणी उरलेलं नव्हतं. त्यांनी स्वतः कप उचलून तिच्यापुढे ठेवला. बाणूबाईने चहाला हात लावला नाही.

गाडीजवळ शिवप्रसादांनी श्रीदेवीला गाठलं. “आता ते निवेदन पाठवणार नाहीस ना?”

“ते सोमवारीच गेलं, सर.”

“पण तू तर म्हणाली होतीस…”

“मी आधी या म्हनले होते. पुढचं तुम्हीच धरलंत.” आणि ती म्हणाली, “ऐकलेलं लिहावं लागतं ना सर? काय ऐकलंत ते आठवून बघा.”

सप्टेंबरात विभागाने पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं. पुढच्या मार्चचं निमंत्रणही गेलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट तिने लिंगाप्पापासून लपवली होती, ती बाणूबाईने त्याला सांगून टाकली. लिंगाप्पाला कळलं, की परक्या मुलखात, परक्या भाषेत, वर्गभर पोरांनी त्याची मेंढरं मोठ्याने मोजली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस चोर शब्दाला सोळा वर्षं उत्तर न देता राहिला होता. नातीवर मात्र तो ओरडला.

“आकडा बोललीस तू?”

“अप्पा, मेंढरं कुठं हायत आता? कुनाला दृष्ट लागंल?”

“म्हनून काय गावभर सांगत सुटायचं? माझ्या बापानं मला सुदिक सांगितला न्हवता, लगीन होईस्तवर.”

तीन आठवडे तो तिच्याशी बोलला नाही. जेवायला बसताना तिच्याकडे पाठ करून बसे. ती कलबुर्गीहून दर शनिवारी येई, आणि जेवून झोपे. चौथ्या शनिवारी त्याने बाजेवरूनच विचारलं, “किती बोललीस?”

“फोटोत दिसत व्हत्या तेवढ्या. एकशे त्रेचाळीस.”

“टेकाडामागच्या?”

“न्हाई. त्या कुठंच लिहिल्या न्हाईत मी.”

लिंगाप्पाने सुपारी कातरली. त्याने ती तोंडात टाकली. मग विचारलं, “आन तो? अजून कालेजात हाय?”

“हाय. अजून चार वर्सं नोकरी उरलीय त्याची. कन्नड पुस्तक अजून कालेजात लावलेलं हाय, त्याच्यावर मी अर्ज करायलेय. पुस्तकं लावनाऱ्या बोर्डानं त्याला बोलावलं का तो परत येतोय बघा माझ्याकडं.”

“येऊ दे. येतोय तर जनवाड्यातच कामून थांबला?”

“म्हंजे?”

“कागूद घे.”

तिने अर्जाचाच एक कोरा कागद उलटा करून घेतला. लिंगाप्पाने कळप ज्या वाटेने जाई त्या क्रमाने गावं सांगितली, कुठे कुणाच्या अंगणात, तेही सांगितलं. मन्नाएखेळ्ळी, धाब्यासमोर, ट्रक उभे असतील तेव्हा. हल्लीखेड. चिटगुप्पा, बाजाराच्या दिवशी. राजेश्वर. शेवटी मुडबी.

“मुडबीत कुनाच्या अंगनात?” तिने विचारलं.

“अंगनात कशाला? चावडीवर. आन त्याला म्हनावं, चालत ये.”